शत्रूचं अभयपत्र

१८७० सालच्या १९ सप्टेंबरला प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. रस्ते, रेल्वे, तारा सगळं तुटलं. शहरात घोडे कापले जाऊ लागले, पुढे मांजरं आणि उंदीरही विकायला आले. बाहेर पडायला एक आभाळच मोकळं उरलं होतं. गाड्या थांबल्यामुळे ओस पडलेल्या रेल्वे स्थानकांत सुती कापडाचे पट्टे जोडून फुगे शिवले जाऊ लागले. कापडावर रोगण चढवायचं आणि रस्त्यावरचे दिवे ज्यावर जळत तोच कोळशाचा गॅस आत भरायचा. फुगा उडवणारे जाणकार मोजकेच होते आणि एकदा गेलेला परत येत नसे. म्हणून स्थानकाच्या छताला टोपली टांगून खलाशांना तिच्यात बसवत आणि जुजबी शिकवून उडवून देत.

या वेढ्यात ज्यूल जान्सेन नावाचा खगोलशास्त्रज्ञ अडकला होता. वय ४६, लहानपणच्या अपघातामुळे पायाने अधू. दोन वर्षांपूर्वी आपल्या गुंटूरला खग्रास ग्रहण पाहताना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा त्याने वर्णपटात पकडल्या होत्या. ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात, हे दुसऱ्या दिवशी दाखवूनही दिलं होतं. सूर्याभोवतीचं फिकट प्रभामंडल मात्र तेव्हा ग्रहणाशिवाय दिसत नसे. आणि २२ डिसेंबरला अल्जीरियातल्या ओरानवर ग्रहण लागणार होतं.

इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी खटपट केली आणि प्रशियाकडून त्याला वेढ्यातून जाऊ देण्याची परवानगी मिळवली. युद्धाशी संबंध नसलेला विद्वान होता तो, त्याला कोणी नावं ठेवली नसती. जान्सेनने ती नाकारली. मला यात नुसता मानीपणा दिसत नाही. परवानगीचं ते पत्र खरं असेल, मिळवून देणाऱ्यांचा हेतूही चांगला असेल. पण त्यावर सही करणारा हात शहरातल्या वीस लाख माणसांची भाकरी अडवून बसला होता. एकट्याने त्या हातातून वाट घेणं त्याला रुचलं नसावं.

२ डिसेंबरच्या पहाटे, अंधार असतानाच, ऑर्लेआँ स्थानकातून ‘वोल्टा’ नावाचा फुगा सुटला. टोपलीत जान्सेन, एक खलाशी आणि सुटे करून पेट्यांत भरलेले दुर्बिणीचे भाग. शहराच्या पूर्वेला शाँपिन्यीत त्याच सकाळी पुन्हा लढाई पेटली. प्रशियाचे लोक फुग्यांवर गोळ्या झाडत, आणि पकडलेल्याला हेर ठरवण्याची धमकी बिस्मार्कने देऊन ठेवली होती. वर जायचं तर वाळू टाकायची, खाली यायचं तर झडप उघडून गॅस सोडायचा, एवढंच माणसाच्या हाती, दिशा वाऱ्याची. वारा त्यांना पश्चिमेला नेत होता आणि पुढे अटलांटिक होता. चारच दिवसांपूर्वी प्रिन्स नावाचा एक खलाशी पॅरिसहून एकटा उडाला होता. त्याचा फुगा इंग्लंडच्या टोकाशी समुद्रावर शेवटचा दिसला.

उतरण्याची वेळ साधणं हीच खरी परीक्षा होती. घाई केली तर शत्रूच्या हाती, उशीर केला तर पाण्यात. शिवाय जोराच्या वाऱ्यात टोपली जमिनीला टेकली तरी फुगा शिडासारखा भरतो आणि शेतांतून फरपटत नेतो. पाचेक तासांनी, लुआर नदीच्या मुखापासून फार दूर नाही अशा साव्हने गावाजवळ ते उतरले. माणसं धड, पेट्याही धड. तिथून जान्सेन वेळेत ओरानला पोचला.

२२ डिसेंबरला ओरानवर ढग आले. त्याला काहीच दिसलं नाही.

पण तिथे तो एकटा नव्हता. टिंडल, हगिन्स, क्रुक्स अशी मोठी नावं असलेली इंग्रज तुकडी जहाजाने सुखरूप आली होती. त्यांच्याही वाट्याला तेच ढग आले. अभयपत्र घेऊन आला असता तरी जान्सेनला ग्रहण दिसलं नसतं. फुग्यातून आला म्हणून आभाळाने त्याच्यावर मेहेरबानी केली नाही, आणि शत्रूची परवानगी घेतली असती तर वेगळं काही घडलं नसतं. त्याच्या निवडीची किंमत मी या ग्रहणावरून ठरवत नाही. ती पॅरिसमध्येच ठरली होती.

वर्षभरात तो पुन्हा हिंदुस्थानात आला. १२ डिसेंबर १८७१ रोजी निलगिरीतल्या शोलूर गावी आभाळ स्वच्छ होतं. प्रभामंडलाच्या वर्णपटात त्याला सूर्यप्रकाशात असतात तशाच काळ्या रेषा दिसल्या. प्रभामंडलाचा काही उजेड त्याचा स्वतःचा नसून सूर्याचाच परतलेला प्रकाश आहे, याचा तो पुरावा ठरला.