विचारायचं कुणाला?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. एकादशीला गडावर येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना अक्षरओळख नाही, पण अभंग तोंडपाठ आहेत. त्यांचं सगळं शिक्षण कानांनी झालेलं. कोरोनात अशा माणसांपुढे आपण मोबाइल धरला.

लसीच्या नोंदणीचं कोविन पोर्टल २०२१च्या जानेवारीत इंग्रजीत सुरू झालं, मराठी आली जूनमध्ये. सर्वोच्च न्यायालयानेही त्याबद्दल विचारणा केली, ती रास्तच होती. पण जिला वाचता येत नाही त्या आजीला मराठी कोविनचा तरी काय उपयोग? साठीपुढच्यांना थेट केंद्रावर जाऊन लस घेण्याची मुभा १ मार्चपासून होती, हे खरं. मात्र तेव्हा उसाचा हंगाम संपलेला नसतो. इथल्या किती घरांतले लेक-सुना कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर. गावात म्हातारी माणसं आणि नातवंडं. केंद्रावर गेलं तरी नोंदणीला मोबाइल नंबर द्यायचा कुणाचा?

भाषेची अडचण म्हटलं की नंदुरबारची भिली, पावरी आठवते. बीडमध्ये डॉक्टर मराठी, नर्स मराठी, आजीही मराठी. तरी बोलणं अडतंच. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी चार ते सहा आठवड्यांनी होता, मार्चअखेर सहा ते आठ झाला, मे महिन्यात बारा ते सोळा. हा बदल आदेश होऊन खाली आला. कारण मात्र कुणी पारावर बसून सांगितलं नाही. मग म्हातारीने काढायचा तोच अर्थ काढला: लसच संपली, किंवा तिच्यात खोट आहे. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. "मला साखर हाय, सुई चालंल का?" हा तिचा प्रश्न मात्र कोणत्याही शहाण्या रुग्णाचा आहे, आणि रांग लागली की तोच आधी गिळला जातो. सुईनंतर एखाद दिवस ताप येऊ शकतो, एवढं आधी कळलं तरी तापाची भीती निम्मी होते.

हा विषय कोरोनाबरोबर संपलेला नाही. २०२४मध्ये निवडक जिल्ह्यांत साठीपुढच्यांनाही क्षयरोग टाळण्यासाठी बीसीजी देण्याची मोहीम झाली. पुढेही प्रौढांच्या लसी येतील. तेव्हा पत्रकं कमी छापली तरी चालतील. आशाताईंना कामागणिकही मोबदला मिळतो; दारात बसून म्हाताऱ्यांच्या शंका ऐकणं हेही काम धरा आणि त्याचे पैसे द्या.