कुणाच्या वावरात?

प्रोजेक्टचा विषय ठरवायला मुलं आली की माझ्या तोंडून हमखास निघतं, ‘शेतीला उपयोगी पडेल असं काहीतरी करा रे.’ जुन्नर-आंबेगावात अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? वाक्य कानाला बरं लागतं, प्रमुख पाहुण्यांना आवडतं, पेपरात फोटो छापून येतो. पण हे मी शेतकऱ्यासाठी म्हणतो की फोटोसाठी, असं स्वतःला विचारायचं मात्र टाळत आलो आहे.

टोमॅटो तोडणारा रोबो घ्या. सर्व्हो मोटरवर उघडझाप करणारा पंजा, बोटांना स्पंज चिकटवलेला, वर कॅमेरा. प्रदर्शनात टोमॅटो दोऱ्यानं टांगलेले असतात. लालबुंद, वीत-वीत अंतरावर, आड एकही पान नाही. पंजा फळ धरतो, ओढतो, क्रेटमध्ये सोडतो. टाळ्या! वावरात तोच टोमॅटो बांबू-तारेला सुतळीनं बांधलेल्या झाडावर, पाल्यात दडलेला असतो. तोडणारी बाई डोळ्यांनी कमी आणि हातानं जास्त शोधते, देठाच्या गाठीवर अंगठा टेकवून जरासं पिरगाळते, की फळ हातात. नुसतं ओढलं तर फांदीच मोडून येते. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी दोऱ्यावरच्या टोमॅटोला मी मार्क देतो.

आणि समजा, पंजा वावरातही चालला. मग? ‘मजूरच मिळत नाहीत हो,’ हे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कुणीही शेतकरी सांगेल, आणि ते खोटं नाही. पण माझ्या वर्गात त्याचा मुलगा बसतो, तसा रोजंदारीनं तोडणीला जाणाऱ्या बाईचाही बसतो. एका टीममध्ये दोघंही होते. रिपोर्टमध्ये ‘फायदे’ या मथळ्याखाली पहिलंच वाक्य, ‘मजुरीखर्चात बचत’. दोघांनी मिळून टाइप केलेलं. त्या दुसऱ्या पोराला ते टाइप करताना काय वाटलं, हे मी विचारलं नाही. त्यानं उलट मलाच विचारलं असतं, तर काय सांगणार होतो?

याच्या शेजारी रोबोकॉन ठेवून पाहतो. आशिया-पॅसिफिकच्या विद्यार्थ्यांची ही स्पर्धा 2002 साली टोकियोत सुरू झाली; 2008 आणि 2014 मध्ये ती पुण्यात भरली. 2008 चा विषय दहीहंडीचा, नावच ‘गोविंदा’: रोबोंनी मडक्यांतलं लोणी पळवायचं. कुणाच्या काय उपयोगाचं? कुणाच्याच नाही. म्हणून ‘हा नुसता खेळ’ असं म्हणत मी तिकडे वळणाऱ्या पोरांना कमी लेखत आलो. पण तिथे तीन मिनिटांचा सामना असतो. वायर सैल राहिली तर यंत्र सगळ्यांदेखत जागच्या जागी उभं राहतं, आणि ‘संकल्पना मात्र चांगली आहे हं’ असं म्हणून सांभाळून घेणारा कुणी नसतो. उपयोगाचा दावाच नाही, त्यामुळे खोटं बोलायला जागाही कमी. लोणी पळवणारं यंत्र माझ्या शेतीरोबोपेक्षा प्रामाणिक निघावं, हे पचवायला मला जड जातं.

खोडदला तर माझा हिशेब आणखीच बिघडतो. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात प्रदर्शन भरतं. या दुर्बिणीच्या तबकड्या 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. कांदा-बटाट्याला त्यांचा उपयोग शून्य. पण ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारा आणि खर्च या दोन गोष्टींची सांगड आधी घातली, म्हणून भरीव पत्र्याऐवजी तारदोरांच्या सांगाड्यावर ताणलेली बारीक तारेची जाळी आली. वारा तिच्यातून निघून जातो. आकाशाकडे तोंड करून बसलेल्या यंत्रानं इथल्या वाऱ्याचा विचार केला. आमच्या फवारणीच्या रोबोनं वावरातल्या ढेकळाचासुद्धा केलेला नसतो. सतरंजीवर तो झकास पळतो.

शेतीचे विषय सोडून द्या, असं मी म्हणत नाही. ज्याला रोबोकॉन करायचं त्यानं ते खुशाल करावं, मी आता नाक मुरडणार नाही. टोमॅटो करायचा असेल, तर आधी तोडणीला जाऊन यावं. मुलांनी आणि गाईडनंही. माझ्यासोबतच्या शिक्षकांना एकच विनंती आहे: रिपोर्टवर सही करण्याआधी विचारा, हे कुणाच्या वावरात चालवून पाहिलं आणि तिथे काम करणारी बाई काय म्हणाली. उत्तर नसेल, तर ‘सामाजिक उपयुक्तता’ हा रकाना कोरा ठेवा. यंदा मी ठेवणार आहे.