कौलांचा खर्च

पुण्यातल्या जुन्या वाड्यांची चर्चा वर्षातून दोनदा होते. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते तेव्हा; आणि एकदा नोव्हेंबरात, १९ ते २५ तारखांचा जागतिक वारसा सप्ताह आला की. दुसरी चर्चा अर्थातच अधिक सुखाची. सकाळच्या गारव्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी मंडळी जमतात, कोणी कॅमेरा घेऊन, कोणी नातवंडांना घेऊन. पुढे चालणारा माहिती सांगत असतो, आणि हल्ली तो बहुधा नीट वाचून आलेला असतो, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला, १८२८ च्या आगीत आतले सारे गेले, उरले ते तट, दरवाजे आणि जोती. मग लाल महाल (सध्याची इमारत महापालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली; फोटो तिथेही भरपूर निघतात), कसबा गणपती, नाना वाडा आणि शेवटी विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब पाहून सगळे हळहळतात, की असे काम आता होत नाही. त्यानंतर मिसळ.

अशा फेऱ्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. ज्या शहरात दुकानाच्या पाटीखाली कोरीव तुळई दडलेली असते, तिथे कोणी थांबून वर बघायला शिकवत असेल तर ते चांगलेच. पण हेरिटेज वॉकचा मार्ग एकदा कागदावर काढून पाहा. थांबण्याची बहुतेक ठिकाणे सरकारच्या, महापालिकेच्या नाहीतर देवस्थानाच्या ताब्यातली. ज्यांत आजही कोणी राहते, सकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात, ते वाडे फेरीत येतात ते फक्त रस्त्यावरून. दिंडी दरवाजा, त्याच्यावरची गणेशपट्टी, फार तर देवडीपर्यंत नजर. आतला चौक, सोपा, माजघर कोणी पाहत नाही, कारण आत जायचे तर परवानगी कोणाची घ्यायची इथूनच प्रश्न सुरू होतो. मालकाचे वारस डझनभर, त्यातले निम्मे परगावी किंवा परदेशी. भाडेकरू तिसऱ्या पिढीतले. आणि दोघांमधला दावा कोर्टात.

हे भांडण स्वभावाचे नाही, हिशोबाचे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानले. टंचाईच्या काळात भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा हेतू रास्तच होता. पण भाडे जिथल्या तिथे राहिले आणि सुताराची मजुरी, सागवानाचा भाव, चुन्याचा घाणा यांपैकी काहीच जिथल्या तिथे राहिले नाही. मालकाने दुरुस्ती थांबवली. भाडेकरूने दुसऱ्याच्या भिंतीत स्वतःचे पैसे का घालावेत? १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पन्नास रुपये भाड्यात ती दोन रुपये होते. तोवर मातीच्या भिंतींत पाणी मुरलेले होते. पानशेतच्या पुराने १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांमधले वाडे एका दिवसात बसवले. बाकीचे फुटक्या कौलांनी सावकाश बसवले. म्हणून कोणी ‘वाडा संस्कृती’ म्हणून गहिवरला की मला एकच विचारावेसे वाटते: कौलांचा खर्च कोण देणार?

या प्रश्नाचे एक जुने आणि अगदी व्यवहारी उत्तर अमेरिकेत मिळते. मिसिसिपी नदीच्या काठी, उंच कड्यावर नॅचेझ नावाचे गाव आहे. यादवी युद्धाच्या आधी कापसाच्या पैशावर तिथे खांबांच्या ओळी मिरवणारी अवाढव्य घरे उभी राहिली. युद्धाने पैसा नेला, पुढे बोंडातल्या किडीने कापूसही नेला, आणि घराण्यांच्या हाती गळकी घरे तेवढी राहिली. १९३१ च्या वसंतात तिथल्या बायकांच्या बागकाम मंडळाने राज्यभरच्या मंडळांना बागा पाहायला बोलावले होते. ऐन वेळी कडाक्याची थंडी पडली आणि फुले जळून गेली. पाहुण्या तर दारात आलेल्या. मग त्यांना घरेच दाखवली, आणि त्यांना ती बागांपेक्षा आवडली. पुढच्या वर्षी, महामंदीच्या ऐन भरात, कॅथरीन मिलर नावाच्या खटपटी बाईच्या पुढाकाराने तिकीट लावून घरे दाखवण्याची ‘यात्रा’ सुरू झाली. ती पुढे दरवर्षीची झाली. तिकिटांच्या पैशातून छपरे दुरुस्त झाली, रंग लागले, कर्जे फिटली. पैसा दिसू लागल्यावर यजमानिणींनी किती घ्यायचे आणि मंडळाने किती, यावरून मंडळ फुटले, दोन झाली, प्रकरण कोर्टात गेले. आपल्याकडच्या उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना यात परके काही वाटायचे नाही.

इथवरची गोष्ट कोणालाही हेवा वाटावा अशी. कोणा सरकारी खात्याच्या अनुदानाची वाट न पाहता एका गावाने आपली घरे आपणच तगवली. पण ती घरे दाखवताना सांगितले काय जात होते? घेरदार झग्यांतल्या यजमानिणी दारात उभ्या राहत आणि चांदीची भांडी, आरसे, पणजीचे लग्न यांच्या कथा सांगत. संध्याकाळी जुन्या दक्षिणेचे गुणगान करणारा रंगमंचीय सोहळा होई. त्यात गावातलेच कृष्णवर्णीय लोक सुखासमाधानाने कापूस वेचणाऱ्या मजुरांची सोंगे घेऊन उभे केले जात. घर बांधणाऱ्या, रांधणाऱ्या, पोरे सांभाळणाऱ्या गुलामांचा उल्लेख आलाच तर ‘नोकर’ म्हणून. लाँगवूड नावाचे तिथले अष्टकोनी घर प्रसिद्ध आहे. १८६१ मध्ये युद्ध पेटताच उत्तरेकडचे कारागीर काम टाकून निघून गेले; वरचे मजले आजही तसेच अर्धवट आहेत. खालचा मजला राहण्याजोगा झाला तो गुलाम मजुरांच्या हातांनी. आणि गावाच्या वेशीवर ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी एक होता. घरांच्या यात्रेला अनेक दशके होऊन गेली तरी त्या जागेकडे कोणाला वळवले जात नव्हते. ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग झाली २०२१ मध्ये.

नॅचेझने छप्पर वाचवले आणि गोष्ट अर्धी ठेवली. आपण पुण्यात छप्परही वाचवत नाही आणि गोष्टही अर्धीच सांगतो.

वाड्याला पुढचे दार असते तसे मागचेही असते. पुढच्या बाजूला कारंजे, हौद, दिवाणखाना. मागे विहीर, न्हाणीघर, गोठा, आणि मैला उचलणाऱ्या माणसाने सोप्यावरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ठेवलेली बोळ. मधे माजघर, जिथे भरदिवसा उजेड कमी, आणि तिथल्या एखाद्या कोपऱ्यात आलवण नेसलेली बाई, जिचे नाव घराच्या कुळवृत्तांतात बहुधा ‘अमक्याची विधवा’ एवढेच. हेरिटेज वॉकमध्ये पागा सांगतात, भुयार सांगतात (भुयार प्रत्येक वाड्याला असतेच आणि ते शनिवारवाड्यापर्यंत जातेच), हा कोपरा सांगत नाहीत.

गंमत अशी की या कोपऱ्याची पुढची गोष्ट पुण्यातच, थोड्या चालीच्या अंतरावर, दुसऱ्या एका घरात आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच घरांमधून फसवणुकीने गरोदर राहिलेल्या विधवांसाठी. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. पाण्याचेही तसेच. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेले पाणी वाड्यांच्या आणि पेठांच्या हौदांत खेळले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच, कारण ती योजना खरोखर अजब आहे. पण त्याच शहरात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही पाण्याच्या त्याच गोष्टीची दुसरी बाजू. सदाशिव पेठेतून गंज पेठेत चालत जायला फार वेळ लागत नाही. तरी हे दोन मुक्काम एका फेरीत जोडलेले क्वचित दिसतात.

खरे तर घराचा उत्सव कसा असतो हे पाहायचे तर समताभूमीवर, म्हणजे फुले वाड्यातच जावे. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर, म्हणजे जोतीरावांची जयंती आणि पुण्यतिथी, या दोन दिवशी तिथे गावोगावची माणसे येतात. त्यांना महिरपी मोजायच्या नसतात. ती घराला भेटायला येतात. पुस्तकांचे गठ्ठे विकले जातात, बायका लेकरांना खांबापाशी उभे करून सांगतात की आपण शिकलो ते यांच्यामुळे. वारसा सप्ताह २५ तारखेला संपतो आणि तीनच दिवसांनी पुण्यातला ऐतिहासिक घराचा बहुधा सर्वांत मोठा लोकोत्सव होतो. सप्ताहाच्या पत्रिकेत त्याची नोंद नसते, कारण पत्रिका छापणारे आणि तिथे जाणारे एकमेकांना फारसे ओळखत नाहीत.

भिडे वाड्याचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिलेच. १८४८ मध्ये फुल्यांची मुलींची शाळा भरली ती तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात. पुढची गोष्ट भाडेकरू, मालकी, मोबदला, न्यायालय अशी, म्हणजे कोणत्याही वाड्याची असते तशीच. निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारक करायचे म्हणून, वाडा पाडला गेला. वास्तू इतकी जर्जर झाली होती की दुसरा मार्ग उरला नव्हता, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण ती जर्जर होईपर्यंतची सारी वर्षे आपण दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तिच्या दारात हारच घालत होतो. हार घालणारे आणि फेऱ्या काढणारे, दोघांपैकी कोणीही कौलांचा हिशोब मागितला नाही.

हिशोब मांडता येतो. अहमदाबादच्या महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ पासून काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट वस्त्यांमधून, फेरी सुरू केली. तिचे वैशिष्ट्य एवढेच की ती सप्ताहापुरती नव्हती, नेहमीची होती. माणसे ओट्यांवरून, चौकांतून जाऊ लागली तसे पोळांत राहणाऱ्यांनाही आपल्या घराकडे बघायची सवय लागली. २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारसा ठरले. त्यामागे अशी वर्षे आहेत. घर न पाडणाऱ्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता यावा, ही टीडीआरची सोयही तिथे केली गेली. आपल्या नियमांतही अशी तरतूद आहे; ती वापरायला लागणारा वकील मात्र बहुतेक वाडेवाल्यांना परवडत नाही.

गोव्यात चांदोरला ब्रागांझा घराचे दार घरातलीच माणसे उघडतात, खोल्या दाखवतात आणि शेवटी देणगीची पेटी पुढे करतात. काही पर्यटकांना ते खटकते. मला ते प्रामाणिक वाटते. त्या घरातले लुईस द मिनेझिस ब्रागांझा पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लिहीत राहिले, हे तिथे अभिमानाने सांगितले जाते. मात्र गोव्यातल्या कुठल्याही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात उभे राहिल्यावर त्याच्या भाटात घर करून राहणाऱ्या मुंडकाराचे विचारावे. त्याला डोक्यावरच्या छपराचे कायद्याने संरक्षण मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

म्हणून वारसाप्रेमींना माझे सांगणे थोडे रोखठोक आहे. फुकट फेऱ्या बंद करा. तिकीट लावा, चांगले घसघशीत लावा, आणि दरवर्षी एकच राहता वाडा निवडून त्या पैशाने त्याची कौले चाळून द्या. भाडेकरू आणि मालक दोघांच्या सहीने, जमाखर्च दारावर लावून. त्या वाड्यात जाल तेव्हा मागच्या दारापर्यंत जा आणि बोळ कशासाठी होती ते मुलांना सांगा. आणि सप्ताह तीन दिवसांनी वाढवा. २८ तारखेची फेरी विश्रामबागवाड्यापासून निघू दे आणि गंज पेठेत संपू दे.