रंगाखालचं मीठ

सुक्या गोदीत घेतलेल्या जहाजाचा रंग दुरून ठीकठाक दिसतो. कुठे ओरखडा नाही, पोपडा नाही. जवळ गेलं की नखाएवढे फोड दिसतात. पटाशीच्या टोकानं एखादा फोडावा तर आतून पाणी येतं आणि खाली काळवंडलेलं पोलाद.

रंग फाटलेला नसताना पाणी शिरलं कुठून? रंगातूनच. पाण्याला पूर्ण अडवणारा रंग अजून कुणी केलेला नाही. थोडंफार पाणी झिरपतंच आणि एरवी त्यानं फारसं बिघडत नाही. पण रंगाआधी पत्र्यावर मीठ राहिलं असेल, तर ते त्या पाण्याला ओढून घेतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, तोच प्रकार. हे मीठ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ग्रिटचा मारा करून लख्ख केलेल्या पत्र्यावरही एक छोटी चिकटपिशवी लावतात, सुईनं तिच्यात शुद्ध पाणी सोडतात, परत ओढून घेतात आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतात. जास्त वाहिली की पत्रा पुन्हा गोड्या पाण्यानं धुवायचा.

सकाळी तर आणखी थांबावं लागतं. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी वर असल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मग आधी कडा आणि वेल्डिंगच्या शिवणी ब्रशनं रंगवायच्या, कारण ओला रंग धारेवरून मागे सरतो.

पूर्वी पहिला हात जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा असे. मारुतीला लावतात तोच, शिशाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला 1937 साली तोच होता. गंज वाढला तसा तो खरवडून जस्ताचा थर द्यायला घेतलं, ते काम 1965 पासून 1995 पर्यंत चाललं. शेंदूर विषारी खरा, पण अर्धवट घासलेलं लोखंडही तो सांभाळून घेई. जस्ताला ते चालत नाही, त्याला पत्रा स्वच्छच लागतो.

तरी खर्चाला कात्री लागते ती धुण्याघासण्यावरच. महागड्या रंगाचं बिल दाखवता येतं. धुऊन गेलेलं मीठ कुठल्या बिलात दाखवणार?