भोपळ्याचे रिक्थ

वारसा ही संकल्पना आपल्या कलाविचारात फार सैलपणे वापरली जाते. कलावंत एखाद्या घराण्यात वा व्यवसायात जन्मला, की तेथील वस्तू आणि स्मृती आपोआप त्याच्या मालकीच्या झाल्या असे गृहीत धरले जाते. परंपरा अशी आयती मिळत नाही, ती कष्टाने कमवावी लागते, असे एलियटने १९१९ मध्ये प्रतिपादले, आणि मराठी समीक्षेत त्याचा दाखला वारंवार दिला जातो. परंतु एलियटसमोर होती ती साहित्याची परंपरा. ज्या घराने कलावंताला कलावंत होऊ द्यायचे नाकारले, त्या घराचे संचित त्याने घ्यावे काय, आणि घेतल्यास कोणत्या अटीवर, हा नैतिक प्रश्न त्या विवेचनाच्या कक्षेत येत नाही. जपानी चित्रकर्ती यायोई कुसामा यांच्या भोपळ्यांपाशी मात्र तो टाळता येत नाही.

कुसामांचा जन्म १९२९ चा, नागानो प्रांतातील मात्सुमोतोचा. घर सुखवस्तू, व्यवसाय बियाण्यांचा आणि रोपवाटिकेचा. हा व्यवसाय आईच्या माहेरचा. वडील घरजावई म्हणून आले आणि त्यांनी सासरचे नाव घेतले. म्हणजे वारशाची खरी धारक आईच, आणि चित्रकलेला कडवा विरोध केला तोही तिनेच. मुलीची चित्रे ती हिसकावून घेई, फाडून टाकी; बाहेरख्याली नवऱ्यावर पाळत ठेवायला याच मुलीला पाठवी. आजोबांबरोबर बियाण्याच्या मळ्यात गेली असता या मुलीला भोपळा दिसला आणि तो तिच्याशी बोलू लागला, असे २००२ साली जपानीत प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मचरित्रात आहे. लहानपणापासून तिला भास होत. त्यांतली बोलणारी फुले भयकारी होती, भोपळा तेवढा सालस. (मराठी कानाला भोपळा म्हटले की परीक्षेतले शून्य आठवते. फळांच्या चित्रपरंपरेत द्राक्षांना आणि डाळिंबांना जी प्रतिष्ठा आहे ती या फळभाजीच्या वाट्याला सहसा आलेली नाही. कुसामांना तो जवळचा वाटला, यात या अप्रतिष्ठेचाही वाटा असावा.)

१९४८ मध्ये क्योतोला पारंपरिक निहोंगा चित्रपद्धती शिकायला गेल्यावर त्या एकेका भोपळ्यासमोर महिनामहिना बसत. १९५७ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी आपली शेकडो चित्रे जाळली. आईने पैसे दिले आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस असे बजावले. न्यूयॉर्कमधील दीड दशकात जाळीची चित्रे आहेत, शिवलेली मृदू शिल्पे आहेत. भोपळा जवळजवळ नाही. १९७३ मध्ये त्या परतल्या, १९७७ पासून स्वेच्छेने तोक्योतील मनोरुग्णालयात राहू लागल्या, आणि त्यानंतर भोपळा परतला. १९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत आरशांच्या खोलीत तो अगणित झाला. प्रेक्षकांना छोटे भोपळे वाटले गेले.

येथे वारसा क्रमाने हातात आलेला नाही. नाकारला गेल्यानंतर, समुद्रापलीकडे जाऊन आल्यानंतर तो निवडला गेला आहे. तो निवडण्याचा अधिकार कुसामांना होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. छळ सोसलेल्या अपत्याने कुलाशी निष्ठा राखावी अशी अपेक्षाच अनैतिक आहे. अडचण निराळी आहे. रिक्थ घेणाऱ्याने ऋणही फेडावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. कुसामांनी घेतला तो आजोबांचा मळा. आई या कथेत येते ती फक्त चित्रे फाडणारी म्हणून, आणि तीही मुलीच्याच शब्दांत. परक्या पुरुषाला कुलनाम देऊनही अपमान सोसणारी, वडिलार्जित व्यवसायाचे ओझे वाहणारी ही स्त्री काय म्हणाली असती, हे कोणत्याही भोपळ्यात ऐकू येत नाही. आत्मचरित्रावर आधारलेल्या समीक्षेने हे मौन बिनतक्रार स्वीकारले, ही त्या समीक्षेची उणीव आहे. कलावंताने दिलेली साक्ष खरी मानूनही ती एकट्याची साक्ष आहे, एवढे तरी म्हणायला हवे.

दुसरा आक्षेप पुनरावृत्तीचा. भोपळे शिल्पांत आले, मुद्राचित्रांत आले. लुई व्हितॉंबरोबर २०१२ आणि २०२३ मध्ये केलेल्या उपक्रमांतून ठिपके आणि पुढे भोपळेही चैनीच्या वस्तूंवर गेले. वारशाची व्यापारमुद्रा झाली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु हा वारसा मुळात व्यापाराचाच होता हे विसरले जाते. बियाण्याचा व्यापारी विकतो ते आश्वासन पुनरावृत्तीचे असते: जसे फळ पाहिले तसेच उगवेल. १९६६ मध्ये व्हेनिसच्या हिरवळीवर आरसेगोळे मांडून ते येणाऱ्याजाणाऱ्यांना विकणाऱ्या कुसामा या दुकानाच्याच वारसदार होत्या. कला आणि विक्री यांत सोवळेओवळे पाळणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण त्यात अप्रामाणिकपणा नाही.

तरीही बियाण्याची उपमा एका मर्यादेनंतर टिकत नाही. बी नष्ट झाल्याशिवाय वेल येत नाही, आणि दोन फळे कधी तंतोतंत सारखी नसतात. नाओशिमा बेटाच्या धक्क्यावर १९९४ साली बसवलेला पिवळा भोपळा ऑगस्ट २०२१ च्या वादळात समुद्रात ओढला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच जागी, त्याच रूपाचा, पण वादळाला अधिक टिकेल असा नवा भोपळा बसवण्यात आला.