कलम पहिले, कलम नववे

२४ डिसेंबर १८१४ रोजी, आज बेल्जियममध्ये असलेल्या गेंट शहरात, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या वकिलांनी अकरा कलमांच्या एका तहावर सह्या केल्या आणि अडीच वर्षे चाललेले युद्ध थांबवायचे ठरवले. दोघांनीही जिंकलेला मुलूख एकमेकांना परत करायचा, असे ठरले. अमेरिकी जहाजांवरचे खलाशी पकडून ब्रिटिश नौदलात जबरदस्तीने भरती करणे हे युद्धाचे एक मुख्य कारण होते. त्याचा तहात उल्लेखही नाही. म्हणून १८१२चे युद्ध बरोबरीत सुटले, असे इतिहासाची पुस्तके सांगतात.

ही बरोबरी दोनच पक्ष मोजले तर खरी ठरते. तिसरा पक्ष मोजला, तर या युद्धाइतका स्वच्छ निकाल एकोणिसाव्या शतकातल्या फार थोड्या युद्धांचा लागला. हा तिसरा पक्ष गेंटच्या मेजावर नव्हता, पण तहाच्या नवव्या कलमात होता. मूळ रहिवाशांच्या ज्या राष्ट्रांशी अमेरिकेचे युद्ध चालू आहे, त्यांना १८११ साली त्यांच्याकडे जे होते ते सगळे, हक्कांसह, परत दिले जाईल, असे ते कलम सांगते. या वाक्याचे पुढे काय झाले, त्यातच मला या युद्धाचा खरा इतिहास दिसतो.

आधी युद्ध पुकारले कुणी ते पाहू. जून १८१२मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटने १९ विरुद्ध १३ मतांनी युद्धाला मंजुरी दिली. गंमत अशी, की ज्यांची जहाजे अडवली जात होती त्या न्यू इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचा युद्धाला विरोध होता, आणि समुद्र ज्यांच्यापासून शेकडो मैल दूर त्या केंटकी-टेनेसीच्या लोकांना युद्ध हवे होते. केंटकीचा हेन्री क्ले त्यांचा पुढारी. पश्चिमेकडच्या या माणसांच्या रागाला खलाशांचा मानही कारण होता, नाही असे नाही. पण त्यांच्या अंगणाला लागून जी जमीन होती, तिच्यावर टेकुमसे नावाचा एक माणूस उभा होता, आणि त्याच्या पाठीशी कॅनडातले ब्रिटिश आहेत अशी त्यांची खात्री होती.

टेकुमसे शॉनी राष्ट्राचा. १८०९मध्ये इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने फोर्ट वेन येथे काही प्रमुखांकडून सुमारे ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टेकुमसे व्हिन्सेन्सला येऊन हॅरिसनच्या तोंडावर म्हणाला, की ही जमीन सगळ्या राष्ट्रांची सामाईक आहे, एकट्यादुकट्याला ती विकता येणार नाही, सबब तुमचा करार रद्द. हे भाबडे निसर्गप्रेम नव्हते. तो नेमका राजकीय डावपेच होता. अमेरिकेची सगळी पद्धतच वेगवेगळ्या प्रमुखांना वेगवेगळे गाठण्यावर उभी होती. खुद्द अध्यक्ष जेफर्सन यांनी फेब्रुवारी १८०३मध्ये याच हॅरिसनला खासगी पत्रात कानमंत्र दिला होता: सरकारी व्यापारी ठाण्यांवर त्यांच्यातल्या वजनदार माणसांना उधारी करू द्यावी, कर्ज फेडण्यापलीकडे गेले की ते जमिनी देऊन मोकळे होतील. सावकारी आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. टेकुमसेच्या सामाईक मालकीच्या सिद्धान्ताने या वहीचे पानच फाटणार होते. नोव्हेंबर १८११मध्ये, तो दक्षिणेत दौऱ्यावर असताना, हॅरिसनने टिपेकॅनू नदीकाठी त्याच्या वस्तीवर चाल केली आणि ती जाळली. पुढे युद्ध पेटल्यावर टेकुमसे ब्रिटिशांना मिळाला, ऑगस्ट १८१२मध्ये डेट्रॉइट पाडण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि ५ ऑक्टोबर १८१३ रोजी टेम्स नदीच्या लढाईत, ब्रिटिश सैनिक मैदान सोडून गेल्यावरही लढत राहून, तो मारला गेला.

दक्षिणेत जे घडले ते अधिक गुंतागुंतीचे आहे आणि अधिक बोलके. क्रीक राष्ट्रात त्या सुमारास आपसातच यादवी माजली होती. गोऱ्यांची रीत उचलावी की झिडकारावी, यावरून दोन तट पडले होते. झिडकारणाऱ्यांना ‘रेड स्टिक’ म्हणत. १८१३च्या ऑगस्टमध्ये त्यांनी फोर्ट मिम्सवर हल्ला करून अडीचशेच्या आसपास माणसे मारली, आणि टेनेसीच्या अँड्र्यू जॅक्सनला हवे ते निमित्त मिळाले. २७ मार्च १८१४ रोजी टॅलापूसा नदीच्या हॉर्सशू बेंड या वळणावर त्याने रेड स्टिकांचा नाश केला; सुमारे ८०० माणसे पडली. ही लढाई जॅक्सनने एकट्याने जिंकली नाही. त्याच्या बाजूने चेरोकी लढले, मित्रपक्षाचे क्रीकही लढले. चेरोकींनी तर नदी पोहून शत्रूच्या होड्या पळवल्या आणि मागच्या बाजूने हल्ला चढवला, म्हणून तटबंदी फुटली.

ऑगस्टमध्ये जॅक्सनने फोर्ट जॅक्सन येथे तहासाठी क्रीक प्रमुखांना बोलावले. आले ते बहुतेक त्याचे दोस्त. शत्रू एक तर मेले होते, नाहीतर फ्लोरिडात पळाले होते. जॅक्सनने दंड म्हणून मागितले सुमारे २ कोटी ३० लाख एकर, म्हणजे क्रीकांच्या एकूण मुलखाच्या निम्म्याहून जास्त. आजच्या महाराष्ट्राच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी ही जमीन होते. त्यातला मोठा भाग आपल्याच बाजूने लढलेल्या क्रीकांचा आहे, याची जॅक्सनला पुरती कल्पना होती. ९ ऑगस्ट १८१४ रोजी त्यांनी सह्या केल्या. याच मातीवर पुढे अलाबामाचा कापूस पिकला.

आणि नेमक्या याच महिन्यात गेंटमध्ये ब्रिटिश वकिलांनी पहिली अट घातली, की अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये मूळ रहिवाशांचा स्वतंत्र प्रदेश असावा, त्याशिवाय तह नाही. ब्रिटिशांना टेकुमसेच्या माणसांचा पुळका होता असे मानायचे कारण नाही. त्यांना कॅनडासाठी कुंपण हवे होते. अमेरिकी वकिलांपैकी अल्बर्ट गॅलेटिन यांनी विचारले, की त्या रेषेपलीकडे आधीच जाऊन राहिलेल्या लाखभर गोऱ्यांचे काय करायचे? त्यांनी आपले आपण पाहावे, असे उत्तर मिळाले. दुसरे अमेरिकी वकील जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी बाणेदारपणे बजावले, की शेती करणाऱ्या वाढत्या लोकसंख्येला शिकारी लोकांसाठी थोपवून धरणे कुठल्याही तहाला जमणार नाही. ब्रिटिश वकील हेन्री गोलबर्न यांनी वैतागून वरिष्ठांना कळवले, की या लोकांना संपवून त्यांची जमीन घ्यायचीच हा निर्धार प्रत्येक अमेरिकी माणसाच्या मनात इतका पक्का असेल, याची इथे येईपर्यंत मला कल्पना नव्हती. निरीक्षण अचूक आहे. फक्त ते करणाऱ्या गृहस्थांच्या मालकीचा जमैकात उसाचा मळा होता आणि तो गुलामांच्या श्रमावर चालत होता, एवढे ध्यानात ठेवावे.

ही अट ढिली पडली, आणि मग जमिनीच्या बाकी मागण्याही सोडायला लावण्यात आपल्याला चांगला ठाऊक असलेल्या एका माणसाचा हात होता. अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईला शिंदे-भोसल्यांचे सैन्य मोडणारा आर्थर वेलस्ली आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता आणि पॅरिसमध्ये राजदूत होता. नोव्हेंबर १८१४मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्याला अमेरिकेतल्या सैन्याची सूत्रे घेण्याविषयी विचारले. त्याचे उत्तर रोखठोक होते. तिथे सेनापती कमी नाही, सरोवरांवर आरमारी वर्चस्व कमी आहे. आणि युद्धाची सध्याची स्थिती पाहता जमीन मागण्याचा तुम्हाला अधिकार पोहोचत नाही. या सल्ल्यानंतर लंडनने जमिनीच्या मागण्या गुंडाळल्या. स्वतंत्र प्रदेशाच्या जागी उरले ते नववे कलम.

आता पहिले कलम. त्यात मुलूख परत करण्याबरोबर आणखी एक अट आहे: माघार घेताना ब्रिटिशांनी तिथल्या तोफा, इतर सार्वजनिक मालमत्ता आणि ‘गुलाम किंवा अन्य खासगी मालमत्ता’ बरोबर नेऊ नये. युद्धकाळात चेसापीकच्या किनाऱ्यावरून आणि जॉर्जियातून हजारो गुलाम पळून ब्रिटिश जहाजांवर गेले होते. काहींनी लाल डगला चढवून आपल्या जुन्या मालकांवर बंदुका चालवल्या होत्या. ब्रिटिश नौदलाने त्यांना परत द्यायला नकार दिला. ही मुक्त माणसे नोव्हा स्कोशियात, त्रिनिदादमध्ये वसली. (याच तहाचे दहावे कलम गुलामांचा व्यापार माणुसकीला आणि न्यायाला धरून नाही असे म्हणते. अकरा कलमांत एवढी सोय करून ठेवली होती.)

अमेरिकेने पहिले कलम सोडले नाही. वर्षानुवर्षे खलिते गेले. १८१८मध्ये वाद लवादाकडे सोपवायचे ठरले आणि रशियाचा झार पहिला अलेक्झांडर पंच झाला. त्याने १८२२मध्ये अमेरिकेच्या बाजूने निकाल दिला. १८२६मध्ये ब्रिटनने १२,०४,९६० डॉलर देण्याचे कबूल केले आणि ते दिले. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, परराष्ट्रमंत्री हेन्री क्ले, आणि लंडनमध्ये करारावर सही करणारे वकील अल्बर्ट गॅलेटिन. तिघेही गेंटच्या तहातले अमेरिकी वकील. बारा वर्षे झाली तरी आपण काय लिहून घेतले होते, हे त्यांच्या पक्के लक्षात होते.

नवव्या कलमाची आठवण मात्र कुणी ठेवायची? उत्तरेकडच्या काही राष्ट्रांशी १८१५मध्ये सलोख्याचे करार झाले, पण जमिनीच्या बाबतीत अमेरिकेने साधी पळवाट काढली: क्रीकांचे युद्ध गेंटच्या आधीच, ऑगस्टमध्ये, त्यांच्याच सह्यांनी संपले होते, सबब त्यांना नववे कलम लागू नाही. फ्लोरिडात पळालेल्या क्रीकांना हे पटणे शक्य नव्हते. त्यांचा एक प्रमुख जोसाया फ्रान्सिस लंडनला जाऊन आला. आदरसत्कार झाला, मदत मिळाली नाही. बहामातून येऊन व्यापार करणारा अलेक्झांडर आर्बथनॉट हा वयस्क स्कॉटिश माणूस त्यांच्या वतीने ब्रिटिश अधिकाऱ्यांना पत्रे लिहीत होता, की नववे कलम पाळले जावे. १८१८मध्ये जॅक्सनचे सैन्य स्पेनच्या फ्लोरिडात घुसले. ब्रिटिश झेंडा लावलेल्या अमेरिकी जहाजावर फसवून बोलावलेल्या फ्रान्सिसला फाशी दिले. आर्बथनॉटवर लष्करी खटला चालवून त्यालाही फाशी दिले. आपला प्रजाजन परक्या मुलखात मारला गेला म्हणून लंडनच्या वृत्तपत्रांनी आरडाओरड केली. सरकार गप्प बसले.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद असतो, की हे अटळ होते. ओहायोची लोकसंख्या १८०० साली ४५ हजार होती, १८१०मध्ये २ लाख ३० हजार झाली. असा लोंढा कुठला कागद अडवणार? मला हा युक्तिवाद सोयीचा वाटतो. लोंढ्याच्या जोरावर सगळे आपोआप होणार होते, तर जेफर्सनना उधारीची युक्ती का सुचवावी लागली, हॅरिसनला टेकुमसेची पाठ वळण्याची वाट का पाहावी लागली, जॅक्सनला दोस्तांच्या सह्या का हव्या होत्या? जमीन माणसांच्या पायांनी गेली त्याआधी ती दस्तऐवजांनी गेली, आणि प्रत्येक दस्तऐवज कुणीतरी ठरवून केला. मूळ रहिवाशांना जमिनीवरून उठवून मिसिसिपीपलीकडे पाठवण्याचा कायदा १८३०मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी झाला. पाच मतांच्या फरकाला अटळ म्हणता येत नाही.

त्या कायद्यावर सही करणारा अध्यक्ष अर्थात जॅक्सन. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला त्याने ब्रिटिशांचा पराभव केला. तिथे वेलिंग्टनचा मेहुणा सर एडवर्ड पाकनहॅम मारला गेला. त्या एका सकाळच्या भांडवलावर जॅक्सन व्हाइट हाउसपर्यंत गेला. त्या दिवशी त्याच्या बाजूने चोक्तॉ योद्धेही लढले होते. नव्या कायद्याखाली मिसिसिपीतली जमीन लिहून द्यायला लावलेले पहिले राष्ट्र चोक्तॉच होते, १८३०च्याच सप्टेंबरात.

जॅक्सनच्या १८१८च्या फ्लोरिडातल्या चढाईचे मंत्रिमंडळात ठामपणे समर्थन करणारा एकच मंत्री होता: परराष्ट्रमंत्री अ‍ॅडम्स. अध्यक्षपद गेल्यावर ते प्रतिनिधिगृहात निवडून आले, गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिले, जमिनी हिरावण्याच्या धोरणावरही कडाडून बोलू लागले. १८४१मध्ये त्यांना सभागृहाच्या इंडियन व्यवहार समितीचे अध्यक्ष नेमण्यात आले. आपल्याला यातून मोकळे करावे, अशी विनंती त्यांनी केली. या समितीतून मनस्तापापलीकडे काही निष्पन्न होणार नाही आणि आपल्या हातात काही नाही, असे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले. हातात होते तेव्हा, गेंटमध्ये आणि नंतरही, त्यांनी पहिले कलम निवडले होते.