सणाची सजावट आणि हाताचे कसब

सणासाठी घरी केलेली सजावट बहुतेक नाशिवंत असते. आंब्याचे डहाळे सुकतात, झेंडू कोमेजतो, रांगोळी दुसऱ्या दिवशी केरात जाते. ती टिकत नाही म्हणून दरवर्षी नव्याने करावी लागते आणि त्यामुळेच ती करण्याचे कसब घरात टिकते. या सजावटीचे मोल मुख्यतः या कसबात आहे.

तिचा पहिला आधार म्हणजे जवळपास मिळणारे साहित्य. कोकणात नवे पीक आले की भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पाने एकत्र बांधून दारावर ‘नवं’ लावतात. गोव्यात गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीला नारळ, सुपाऱ्या आणि रानातली फळे-फुले टांगतात. त्यासाठी कोणते फळ कुठे, केव्हा मिळते हे ठाऊक असावे लागते. परिसराची ही जाण मोठ्यांबरोबर रानात हिंडताना मुलांना आपोआप येते.

दुसरा आधार मापाचा. दिवाळीचा साधा आकाशकंदील करायचा तर बांबूच्या २४ कामट्या सारख्या लांबीच्या तासून घ्याव्या लागतात. त्यांचे ६ चौकोन दोऱ्याने बांधायचे. ४ चौकोन टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा जोडत गोल करायचा, उरलेले दोन वर आणि खाली आडवे बांधायचे. मधल्या फटींतून ८ त्रिकोण आपसूक तयार होतात. एखादी कामटी आखूड राहिली, तर सगळा सांगाडा तिरपा होतो आणि चूक झाकता येत नाही. मग पतंगी कागद खळीने ताणून चिकटवायचा, खाली झिरमिळ्या लावायच्या. भूमितीचा हा धडा मुलांच्या चांगला लक्षात राहतो, कारण तो हाताने घेतलेला असतो. गोव्यात नाताळला घरोघरी लागणारे तारेही कामट्या आणि कागद यांतूनच घडत आले आहेत.

तिसरा आधार आतिथ्याचा. पंगतीत पानाभोवती काढलेली महिरप जेवणाऱ्याची बाजू मोकळी ठेवून उरलेल्या बाजूंनी कमानीसारखी वळते. रांगोळी किंवा फुलांच्या पाकळ्या त्यासाठी पुरतात. वाढणाऱ्याचा पाय पडणार नाही, एवढी जागा मात्र सोडावी लागते. पंगती टेबलावर आल्या, तशा कापडाच्या, मण्यांच्या, क्रोशाच्या महिरपीही आल्या. साहित्य बदलले, तरी या पानावर बसणाऱ्याची कोणीतरी वाट पाहिली आहे, हे सांगण्याचे काम महिरप आजही करते.

मधल्या काळात थर्माकोलची तयार मखरे घरोघरी आली. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातल्यावर कागद, पुठ्ठा, कापड आणि बांबू यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले. पर्यावरणाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण पुठ्ठ्याचे मखरही तयार विकत आणले, तर घरच्यांना ते करता येत नाही ते नाहीच. नोकरीच्या धावपळीत सगळे घरी करणे शक्य नसते आणि कारागिराकडून कंदील घेतल्याने त्याचाही सण साजरा होतो. म्हणून सगळी सजावट घरची असावी, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. दर सणाला एक तरी वस्तू घरी करावी आणि तिचे मुख्य काम मुलांकडे सोपवावे. वाकडी झाली तरी तीच लावावी. पुढच्या वर्षी ती सरळ करण्याची ओढ मुलांना तिथूनच लागते.